गिरणीचा भोंगा आणि पडद्यावरचा भाई

एम. ए.च्या वर्गात जयंत पवार यांचे 'अधांतर' शिकविताना एक अनुभव दरवर्षी येतो. उत्तरपत्रिकांत एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते : 'संप फसला, गिरण्या बंद पडल्या आणि कामगारांची मुले गुन्हेगारीकडे वळली.' हे संहितेत कोठे दिसते, असे विचारले की मुले नाटकातला प्रवेश सांगत नाहीत, चित्रपटांची नावे सांगतात. 'वास्तव', 'लालबाग परळ', 'दगडी चाळ', 'शूटआउट अ‍ॅट वडाळा'. आम्हीही ते वाक्य बरोबर धरून गुण देत आलो.

एके वर्षी आमच्यापैकी एकाच्या तासाला शेवटच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली आणि म्हणाली, "सर, माझे आजोबा लक्ष्मी-विष्णूत साच्यावर होते. गिरणी बंद पडली तेव्हा घरात तीन जवान पोरं होती. एकजणही गुंड झाला नाही. मग आमचं काय चुकलं?" वर्ग हसला. सरही हसले. पण त्या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाजवळच उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न होय.

प्रत्यक्षातील गुन्हेगारांच्या आयुष्यावर बेतलेल्या चित्रपटांचा मराठी मुलखाशी असलेला संबंध जुना आणि घट्ट आहे. यातील बहुतेक चरित्रे मुंबईची आहेत आणि बहुतेक कथांना चाळ, नाका, गोदी किंवा गिरणी अशी कष्टकऱ्यांची पार्श्वभूमी आहे. हाजी मस्तान, वरदराजन मुदलियार, मन्या सुर्वे, माया डोळस, अरुण गवळी ही सारी पोलीस दप्तरातली नावे. त्यांतून 'दीवार' (१९७५), 'नायकन' (१९८७), 'शूटआउट अ‍ॅट लोखंडवाला' (२००७), 'वन्स अपॉन अ टाइम इन मुंबई' (२०१०), 'शूटआउट अ‍ॅट वडाळा' (२०१३), 'दगडी चाळ' (२०१५), 'डॅडी' (२०१७) असे चित्रपट कधी उघडपणे, तर कधी आडून निघाले. हे चित्रपट चांगले की वाईट, हा येथे मुद्दा नाही. ते गुन्हेगाराच्या जन्माची जी कारणमीमांसा देतात ती इतिहास म्हणून कितपत टिकते, एवढेच आम्हांस तपासायचे आहे.

आरंभ 'दीवार'पासून करावा लागतो. सलीम-जावेद यांनी लिहिलेल्या या चित्रपटाचा नायक हाजी मस्तानवरून सुचला, असे सर्वत्र मानले जाते. मस्तान तमिळ मुलखातून मुंबईत आला, गोदीत हमाली करू लागला आणि तेथून सोन्याच्या तस्करीत शिरला. पडद्यावरच्या विजयला गोदी मिळाली, तस्करी मिळाली. पण त्याखेरीज मस्तानच्या चरित्रात नसलेली एक गोष्ट त्याला मिळाली, ती म्हणजे कामगार पुढारी असलेला बाप. खाणकामगारांचा हा नेता कुटुंबाच्या जिवाच्या भीतीने मालकाच्या कागदावर सही करतो, अपमानित होऊन परागंदा होतो आणि त्या अपमानाचे गोंदण मुलाच्या हातावर राहते. बारा वर्षांनी मणिरत्नम यांनी वरदराजनवरून 'नायकन' केला. वरदराजनचा उदय झाला तो हमालीतून आणि हातभट्टीच्या धंद्यातून. पडद्यावरच्या वेलूचा बाप मात्र पुन्हा कामगार पुढारीच; पोलीस त्याला ठार करतात आणि पोरका मुलगा मुंबईची गाडी पकडतो. फिरोज खान यांच्या 'दयावान'मधून (१९८८) ही कथा हिंदीतही आली.

वाचकांनी सनावळीकडे लक्ष द्यावे. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालील मुंबईचा गिरणी संप १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि तो रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. 'बापाची संघटना मोडली म्हणून मुलगा भाई झाला' हा साचा मात्र त्याआधी सात वर्षे तयार होता. संपाने हा साचा दिला असे नव्हे. साचा आधीच होता आणि संप त्यात ओतला गेला.

दुसरी तारीख याहून बोलकी आहे. मन्या सुर्वे वडाळ्याला पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला तो दिवस होता ११ जानेवारी १९८२, म्हणजे संप सुरू होण्याच्या बरोबर एक आठवडा आधी. दादरच्या कीर्ती महाविद्यालयाचा हा पदवीधर १९६९च्या एका खून प्रकरणात जन्मठेप भोगत होता आणि १९७९ मध्ये तो रुग्णालयातून पळाला. त्याच्या आयुष्याचा आणि संपाचा संबंध कालगणनेनेच निकालात काढला आहे. बाबू रेशीम, रमा नाईक आणि अरुण गवळी यांची टोळीही संपाच्या आधीच उभी राहिली होती. संपानंतर तिला बेकार पोरांचा पुरवठा झाला, हे खरे. पण पुरवठा वेगळा आणि उगम वेगळा. आमचे विद्यार्थी या दोहोंत गल्लत करतात, कारण पडदा ती गल्लत करतो.

उगम शोधायचा तर कंटाळवाण्या जागी जावे लागते. १९४९च्या दारूबंदी कायद्याने हातभट्टीला बाजारपेठ दिली. १९६८च्या सुवर्ण नियंत्रण कायद्याने सोन्याच्या तस्करीला नफा दिला. १९९० मध्ये तो रद्द झाला आणि त्या धंद्याचे दिवस भरले. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावांवर लागणाऱ्या पैजांतून आकड्यांचा जुगार वाढला आणि पुढे 'मटका' म्हणून गिरणगावाच्या नाक्यानाक्यावर बसला. गिरणीतला पगार आणि नाक्यावरचा मटका यांत काही पावलांचेच अंतर होते. कायदा, बंदी, चोरटा नफा आणि हप्ता ही खरी वंशावळ होय. पण कायद्याच्या कलमाला चेहरा नसतो. त्याच्यासाठी प्रेक्षक रडत नाही. बापासाठी रडतो.

अमेरिकेत हा प्रश्न आपल्याआधी पन्नास वर्षे उभा राहिला होता. अल कपोनच्या आयुष्यावरून सुचलेला 'स्कारफेस' १९३२ साली आला, तेव्हा सेन्सॉरच्या आग्रहामुळे त्याला 'राष्ट्राची लाज' अशा अर्थाचे उपशीर्षक जोडावे लागले आणि गुन्हेगारीचा निषेध करणारे प्रसंग घालावे लागले. रॉबर्ट वॉर्शो या समीक्षकाने १९४८ साली लिहिलेल्या निबंधात गँगस्टरकडे शोकात्म नायक म्हणून पाहिले. यशाची सक्ती करणाऱ्या समाजात जो एकटा वर चढतो, तो एकटेपणामुळेच पडतो, असे त्याच्या प्रतिपादनाचे सार सांगता येईल. हे विवेचन आपल्या चित्रपटांनाही बरेचसे लागू पडते. मात्र एक फरक आहे. अमेरिकन गँगस्टरला महत्त्वाकांक्षा पुरते. आपल्या प्रेक्षकाला नायकाची महत्त्वाकांक्षा माफ करण्यासाठी आधी त्याच्यावरचा अन्याय दाखवावा लागतो. गिरणी ही त्या अन्यायाची तयार जागा ठरली.

'सत्य घटनेवर आधारित' या दाव्याचेही थोडे सांगितले पाहिजे. जाहिरातीत सत्याचा दावा आणि श्रेयनामावलीआधी 'सर्व पात्रे काल्पनिक' हा खुलासा, अशी दुहेरी चाल येथे रूढ आहे. नावे तपासली तर एक रीत दिसते. 'शूटआउट अ‍ॅट वडाळा'त मेलेला मन्या सुर्वे खऱ्या नावाने येतो, पण दाऊद 'दिलावर' होतो आणि पोलीस अधिकारी इसाक बागवान यांच्या जागी 'आफाक बाघरान' उभा राहतो. 'डॅडी'त गवळी आपल्या नावाने आहे आणि दाऊद 'मकसूद' झाला आहे. जो कोर्टात जाऊ शकतो किंवा ज्याची धास्ती आहे त्याचे नाव बदलते. जो मेला किंवा ज्याने परवानगी दिली त्याचे तेवढे राहते. याउलट अनुराग कश्यप यांच्या 'ब्लॅक फ्रायडे'ने १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यातील नावे तशीच ठेवली, तेव्हा आरोपींच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयाने त्याचे प्रदर्शन रोखले आणि विशेष न्यायालयाचा निकाल येईपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी २००७ पर्यंत, चित्रपट डब्यात राहिला. सत्याची किंमत अशी चुकवावी लागते. म्हणून बहुतेक चित्रपट नावांचे सत्य सोडून देतात आणि कारणांचे सत्य सांगत असल्याचा आव आणतात. कारणांवर खटला भरायला कोणी येत नाही.

यापुढचा भाग आम्हांस अधिक गंभीर वाटतो. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनी विकण्याची वाट मोकळी केली आणि गिरणी चालण्यापेक्षा ती बंद पडण्यात अधिक पैसा दिसू लागला. ७ मे १९९४ रोजी खटाव गिरणीचे मालक सुनीत खटाव यांची महालक्ष्मीजवळ गोळ्या घालून हत्या झाली. १६ जानेवारी १९९७ रोजी खुद्द दत्ता सामंत पवईत भाडोत्री मारेकऱ्यांच्या गोळ्यांना बळी पडले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी शंभर माणसांच्या आठवणींतून रचलेला गिरणगावाचा इतिहास वाचला, तर या काळात टोळ्यांचा धाक कोणाला बसत होता ते कळते. तो फाटकासमोर बसलेल्या, देणी मागणाऱ्या कामगाराला बसत होता. पडद्यावर भाई हा कामगाराच्या अपमानाचा सूड घेणारा असतो. नव्वदीच्या दशकात टोळ्या उभ्या होत्या त्या प्रामुख्याने जमिनीच्या सौद्याजवळ. सामंतांच्या मृत्यूचा दिवस आठवला, तरी 'कामगाराचा मुलगा भाई झाला' या वाक्याखाली दुसरे वाक्य लिहावेसे वाटते : भाड्याच्या पिस्तुलाने कामगाराचा पुढारी मारला.

त्याच १९९७ साली 'अधांतर' रंगभूमीवर आले. पवार यांनी धुरी कुटुंबाचे एक खोलीचे घर आपल्यासमोर ठेवले. लेखक होऊ पाहणारा बाबा, क्रिकेटमध्ये बुडालेला मोहन, बहीण मंजू आणि टोळीत गेलेला नरू. चार भावंडांत टोळीत गेलेला एकच. बाकीचे तिघे आपापल्या परीने अधांतरी लोंबकळत राहतात आणि नाटकाचे शीर्षक त्यांच्यावरून आले आहे. टोळीतल्या मुलाचा मृत्यू आणि घरात उरलेल्यांचे जगणे या दोहोंत अधिक असह्य काय, हा प्रश्न नाटक आईच्या पदरात टाकते. महेश मांजरेकर यांनी या नाटकावरून २०१० मध्ये 'लालबाग परळ' आणि 'सिटी ऑफ गोल्ड' केले, तेव्हा कॅमेरा खोलीतून रस्त्यावर उतरला. गिरण्यांचे मालक, संप, उपासमार हे सारे चित्रपटाने धिटाईने दाखवले, याचे श्रेय दिलेच पाहिजे. पण रस्त्यावर उतरलेला कॅमेरा गोळीबाराकडे ओढला जातो. नाटकात चारांतला एक असलेला नरू प्रेक्षकांच्या आठवणीत सर्वांत मोठा होऊन बसतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेतले वाक्य जन्मते ते येथे.

आता सोलापूर. मुंबईच्या पडद्यावर गिरणी बंद पडते आणि माणूस गुन्हेगार होतो. सोलापूरच्या इतिहासात याच्या नेमके उलट घडले आहे. येथे माणसाला आधी गुन्हेगार ठरवले गेले आणि मग गिरणीत पाठवले गेले. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांच्यासाठी विसाव्या शतकाच्या आरंभी सोलापुरात तारेच्या कुंपणाची वसाहत उभी राहिली. कुंपणाच्या आत हजेरी, बाहेर जायला परवाना आणि दिवसभराचे काम गिरणीत, असा तो क्रम होता. शहराच्या त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला. कुंपण गेले, शब्द राहिला.

म्हणूनच 'खऱ्या गुन्हेगारावरचा चित्रपट' हे शब्द सोलापुरात बसून वाचताना अडखळायला होते. खरा गुन्हेगार कोण, हे येथे तीन पिढ्या सरकारी नोंदवही ठरवत होती. 'गरिबीमुळे माणूस गुन्हेगार होतो' हे विधान सहानुभूतीचे आहे आणि 'जन्मामुळे होतो' हे क्रौर्याचे, एवढा फरक आम्ही मान्य करतो. पण दोन्ही विधानांचा शेवट एकाच जागी होतो : एका माणसाच्या कृत्याचा डाग त्याच्या सगळ्या वस्तीवर पडतो.

मराठी साहित्याने हा धोका ओळखला होता. अण्णा भाऊ साठे यांचा 'फकिरा' (१९५९) हा कायद्याच्या दृष्टीने दरोडेखोरच. १९६३ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला. पण अण्णा भाऊंनी दुष्काळ, भूक आणि मांगांवर लादलेली हजेरी यांना कादंबरीत कारण म्हणून स्थान दिले आणि फकिराचा शेवटचा निर्णय आपल्या माणसांच्या सुटकेसाठी घेतलेला दाखवला. हॉब्सबॉमने ज्याला सामाजिक बंडखोर म्हटले, त्याच्याशी फकिराचे नाते आहे. लुटीतून स्वतःसाठी साम्राज्य उभारणाऱ्या शहरी टोळीवाल्याशी ते नाही. दुसरे पुस्तक लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७), ज्याला १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. चोरीवर जगायला भाग पाडलेल्या जमातीत जन्मलेला हा मुलगा लातूरच्या सूतगिरणीत कामाला लागतो आणि तेथे कामगारांची संघटना बांधू पाहतो. पडद्यावरचा प्रवास संघटनेकडून गुन्ह्याकडे जातो. गायकवाडांच्या आत्मकथनातला गुन्ह्याच्या शिक्क्याकडून संघटनेकडे. तो घडून गेलेला आहे, छापलेला आहे आणि अभ्यासक्रमात शिकवला गेलेला आहे.

गिरणगावातच दोन सुर्वे होऊन गेले, हेही विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. एक रस्त्यावर सापडलेले अनाथ मूल. गिरणी कामगाराने त्याला वाढवले, नाव दिले. पडद्याच्या तर्काने त्याच्याइतका भाई होण्याचा हक्क दुसऱ्या कोणाला नव्हता. ते कवी नारायण सुर्वे झाले आणि १९९५ मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. दुसरा पदवीधर होता. तो मन्या सुर्वे झाला. या दोघांवरून कोणताही नियम काढता येणार नाही, हेच या दोघांचे महत्त्व.

आमच्या शहरातल्या गिरण्यांचे काय झाले, हेही पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात सुरू झालेली जुनी मिल मालकांच्या गैरकारभाराने ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली. १९५० च्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, त्याविरुद्ध चरणजितलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि डिसेंबर १९५० मध्ये लागलेला तो निकाल मूलभूत हक्कांच्या संदर्भात विधी महाविद्यालयांत आजही वाचला जातो. एका बंद गिरणीतून भारताच्या घटनेचा एक धडा निघाला. त्यावर चित्रपट निघाला नाही, निघणारही नाही. पुढे जुनी मिल गेली, लक्ष्मी गेली, विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. साच्यावरची माणसे यंत्रमागावर गेली, चादरी आणि टॉवेल विणू लागली. घरातल्या बाया विड्या वळू लागल्या किंवा आधीपासून वळतच होत्या. त्या बायांची संघटना झाली आणि नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीला विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. तिला गोदावरी परुळेकरांचे नाव आहे. जानेवारी २०२४ मध्ये त्याच परिसरातील रे नगरची पंधरा हजार घरे असंघटित कामगारांच्या हाती आली. सोलापुरात गुन्हे झाले नाहीत, टोळ्या झाल्या नाहीत, असा भाबडा दावा आम्ही करीत नाही. गिरणी बंद पडण्याला माणसांनी दिलेल्या अनेक उत्तरांपैकी पिस्तूल हे एक, आणि संख्येने फार थोड्यांचे उत्तर होते, एवढेच आमचे म्हणणे.

या चित्रपटांची दुसरी बाजू न मांडणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९८२चा संप आमच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचला तो याच चित्रपटांमुळे. व्यावसायिक पडद्यावर गिरणी कामगाराला आत यायला भाईच्या पाठीमागूनच वाट मिळाली. भोंगा, चाळीतला नळ, बापाचे गप्प बसणे हे त्या वाटेने आले आणि पाहणाऱ्याच्या मनात राहिले. 'डॅडी'सारख्या चित्रपटात तर गवळीची कथा निरनिराळ्या साक्षीदारांच्या तोंडून येते आणि कोणत्या सांगण्यावर विश्वास ठेवावा, हा प्रश्न प्रेक्षकाकडे राहतो. २०१२ मध्ये खून खटल्यात जन्मठेप झालेल्या माणसाचे चरित्र अशा रीतीने सांगणे हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग होय. मात्र तेथेही कथा ज्याच्याभोवती फिरते तो गवळीच. फाटकासमोर देण्यांसाठी बसलेला कामगार तेथेही पाठमोराच आहे.

त्या विद्यार्थिनीला आता उत्तर द्यायचे तर असे देऊ. तुमचे काही चुकले नाही. तुमच्या आजोबांच्या तीन मुलांचे जगणे पडद्याला सांगता आले नाही, कारण रोज सकाळी उठून यंत्रमागावर जाण्यात उत्कर्ष नसतो, पतन नसते आणि शेवटची गोळी नसते. ती उणीव कथनाची आहे, घराची नव्हे. साहित्याच्या वर्गाचे काम ही उणीव दाखवणे आणि शक्य तेथे भरून काढणे, असे आम्ही मानतो.

त्यानंतर 'अधांतर'वरचा आमचा प्रश्न आम्ही बदलला. 'संपाचा कामगारांच्या मुलांवर झालेला परिणाम लिहा' असे आता विचारत नाही. 'नरूखेरीज उरलेल्या तीन भावंडांविषयी लिहा' असे विचारतो आणि सोबत घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाकडून गिरणीच्या शेवटच्या पाळीची आठवण लिहून आणायला सांगतो. पहिल्या वर्षी आलेल्या वह्यांत एक तिचीही होती. आजोबांनी शेवटच्या दिवशी साचा पुसून ठेवला होता, असे तिने लिहिले होते. दुसऱ्या दिवशी कोणी चालू केला तर धूळ असू नये म्हणून.